नोकरीसाठी 4,25,000 दिले, आता कोर्टाच्या तारखा मोजतोय

मुलाला सरकारी नोकरी लागावी म्हणून मी पैसे दिले. आधी हेच लिहून टाकतो, कारण वर्षभर मी हे सख्ख्या भावालाही सांगितले नव्हते. एकूण 4,25,000 रुपये. त्यातले 40,000 परत आले. 3,85,000 गेले.

"तुमच्यासारख्या माणसाला कळले कसे नाही?" असे विचारणाऱ्यांनी गोव्यातल्या आमच्या डिचोली-सत्तरीत येऊन बघावे. मार्च 2018 मध्ये खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारा माझा टिप्पर दारात उभा राहिला. हप्ते मात्र थांबले नाहीत. मुलगा बी.कॉम. होऊन दुकानात 11,000 वर राबत होता. वशिल्याशिवाय आणि पैशाशिवाय सरकारी नोकरी नाही, हे आमच्याकडे लहान पोरही बोलते. त्यात पैसे घेणारा हा माणूस परका नव्हता, देवळाच्या उत्सवात पुढे पुढे करणारा, लग्नामुंजीत भेटणारा. माझ्याजागी दुसरा बाप असता तर त्याने काय वेगळे केले असते?

जून 2023 मध्ये साखळीच्या बाजारात चहाच्या दुकानात 50,000 रोख दिले. चतुर्थीच्या तोंडावर, 11 सप्टेंबरला, टिप्पर विकून आलेल्या पैशातले 2,00,000 रोख. 9 ऑक्टोबरला 1,75,000, त्यातले 75,000 त्याने सांगितलेल्या, त्याच्या मेहुण्याच्या खात्यात.

हा शेवटचा हप्ता मला झोपू देत नाही. 5 ऑक्टोबरला तो घरी नेमणुकीचे पत्र घेऊन आला होता. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, वर खात्याचे नाव, खाली जांभळा गोल शिक्का, थोडा पुसटलेला. मुलाचे नाव बरोबर, आडनाव बरोबर. बायकोने तारखेवर बोट ठेवले: 2 ऑक्टोबर. ती म्हणाली, "अहो, गांधी जयंतीला कचेरी उघडी असते काय?" तो लगेच म्हणाला, "वहिनी, वरच्या फाइलींवर सुट्टीतही सह्या होतात." आणि मी, मी तिलाच गप्प केले. चार दिवसांनी 1,75,000 मोजून दिले. बोट तारखेवर होते आणि मला दिसले नाही, कारण मला बघायचेच नव्हते. शिवाय "जॉइनिंगच्या दिवशी देतो" म्हणून त्याने मूळ पत्र परत नेले, तेही मी मुकाट्याने दिले. मुलाने मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला होता म्हणून आज काहीतरी हातात आहे. कागद हातात आला की सोडू नका.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. आज साहेब रजेवर, उद्या फाइल सचिवालयात, मग मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनमध्ये आचारसंहिता उठली तेव्हा त्याने 4,25,000 चा चेक दिला. तो बाऊन्स झाला. "केस करू नका, थोडे थोडे देतो" म्हणत त्याने 40,000 दिले आणि मी थांबलो. त्या थांबण्यातच चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून, चेक बाऊन्सच्या केससाठी त्याला नोटीस पाठवायचे 30 दिवस निघून गेले. हे त्याला माहीत होते, मला नव्हते. चेक परत आला तर दुसऱ्या दिवशी वकील गाठा, त्याच्या रडण्याला भुलू नका.

नोव्हेंबर 2024 मध्ये नोकऱ्यांच्या नावाने फसवल्याच्या तक्रारी गोव्यात रोज पेपरात येऊ लागल्या, तेव्हा मला धीर आला. पोलीस ठाण्यात गेलो. आमच्या ठाण्याने सांगितले, पैसे दिले तिकडे जा. तिकडच्यांनी सांगितले, तुम्ही राहता तिकडे द्या. नव्या कायद्यानुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मला नंतर वकिलाने सांगितले. तिसऱ्या फेरीला एका अधिकाऱ्याने माझ्या तोंडावर सांगितले, "लाच तुम्ही दिली ना? मग तुम्हालाही आरोपी करतो." मी साठीचा माणूस, त्या खुर्चीत घामाघूम झालो. हे त्याने हवेत सांगितले नव्हते हेच वाईट. लाचलुचपतीच्या कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचे असते. सात दिवस! मी तर वर्षभर नेमणुकीची वाट बघत होतो. पण मग साहेब, ज्याने लाखो घेतले त्याला खुर्ची आणि चहा, आणि मला दम, हा कुठला न्याय? चोर ओळखीचा, फिर्यादी परका!

शेवटी वकिलामार्फत पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज केला तेव्हा गुन्हा नोंद झाला. गुन्हा 2023 चा म्हणून फसवणुकीचे जुने कलम 420 लागले. जबाब इंग्रजीत टाइप झाला, मी सही केली. 1,75,000 च्या जागी 75,000 पडलेत हे मुलाने घरी आल्यावर वाचले. सही करण्यापूर्वी मराठीत वाचून मागा, कोणी घाई केली तरी.

अटक? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगून ठेवले आहे. त्याला नोटीस गेली, तो हजर झाला, जामीन घेतला, संध्याकाळी बाजारात. 420 ला सात वर्षांची शिक्षा आहे हे आपण ऐकलेले असते. पण खटला पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देताच येत नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. तीन वर्षे दिली तरी अपील करायचे सांगून तिथल्या तिथे जामीन मागता येतो. बनावट कागदाची कलमे लागली असती तर केस जड झाली असती, पण मूळ पत्र कुठे आहे? फोटोसाठीसुद्धा वेगळे प्रमाणपत्र जोडावे लागले.

पैशाचे म्हणाल तर पोलीस म्हणतात, वसुली आमचे काम नव्हे. दिवाणी दावा घालू म्हटले तर वकील म्हणाले, बेकायदा कामासाठी दिलेले पैसे कोर्टातून परत मिळवणे फार कठीण, चेकलाही हेच आडवे येणार. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे दिले तेच कारण माझा दावा मारते. हे तो पहिल्या दिवसापासून जाणून होता. दोषी ठरला तर न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते, एवढाच एक दरवाजा उरला.

आता त्याचा वकील तडजोडीला बोलावतो. 420 चे प्रकरण न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते. 1,50,000 घ्या आणि मिटवा म्हणतात. बायको म्हणते नको. मी अजून उत्तर दिलेले नाही.

गोव्यात क वर्गाच्या सरकारी नोकऱ्यांसाठी कर्मचारी भरती आयोग आहे, परीक्षा संगणकावर होते. तिथे कोणी "सीट राखून ठेवली" म्हणत असेल तर तो खोटे बोलतो. जाहिरात निघालेली नसताना पैसे मागितले, रोख मागितले, दुसऱ्याच्या खात्यात मागितले, तर उठा आणि चालू पडा. आणि ज्यांनी दिले आहेत त्यांनी लाजून घरात बसू नका, त्याला तेच हवे असते.

पाच तारखा झाल्या. एकदा सरकारी वकील रजेवर, दोनदा त्याच्या वकिलाने मुदत मागितली, एकदा आरोपी आजारी, एकदा नुसतीच पुढची तारीख. पुढच्या वेळी आरोप निश्चित होतील असे सांगितले आहे. मागच्या वेळीही तसेच सांगितले होते.