लॅक्टमच्या नायट्रोजनवर बॉक की पीएमबी?

पायरोग्लुटामेट एस्टरपासून (ग्लुटामिक आम्लापासून बनलेलं लॅक्टम, म्हणजे रिंगमध्येच अमाइड असलेला रेणू) सुरुवात करायची आणि पुढच्या पायऱ्यांपुरता नायट्रोजन झाकायचा, इथवर तुमचं ठरलं आहे असं धरतो. झाकायला दोन गट आहेत: बॉक (टर्ट-ब्युटॉक्सीकार्बोनिल) आणि पीएमबी (पॅरा-मेथॉक्सीबेंझिल). कोकणातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत काम करताना मी दोन्ही वापरले आहेत.

बॉक लावणं सोपं, यात वाद नाही. बॉक अ‍ॅनहायड्राइड साधारण २३ अंशांना वितळतं, त्यामुळे कोकणच्या हवेत फ्रिजमधून काढलेली बाटली थोड्या वेळात आपोआप पातळ होते. डीएमएपी (उत्प्रेरक) घातलं की खोलीच्या तापमानाला काम होतं. काढायला टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल) पुरतं.

मला नको झालं ते पुढच्या पायरीला. एस्टर काढायला लिथियम हायड्रॉक्साइड घातलं, की एस्टरबरोबर लॅक्टमही उघडतं. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत) खाली शेपूट ओढणारा डाग, मास स्पेक्ट्रममध्ये अपेक्षेपेक्षा १८ जास्त, म्हणजे पाण्याचा एक रेणू, आणि एनएमआरमध्ये ५ पीपीएमच्या आसपास एनएचचा सिग्नल. रिंग बंद असती तर तिथे एनएच उरलाच नसता. मेथॅनॉलमध्ये पोटॅशियम कार्बोनेट वापरलं, तर १८ऐवजी ३२, म्हणजे मेथॅनॉलचा रेणू. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याचा दोष दमट हवेवर जातो, पण नुसत्या दमटपणाने ही रिंग उघडत नाही. बॉक नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी स्वतःकडे ओढतो, मग रिंगमधला कार्बोनिल अमाइडची सुस्ती सोडतो. हायड्रॉक्साइड, अमाइन, ग्रिन्यार (मॅग्नेशियमचं कार्बन जोडणारं अभिकर्मक), सगळे आधी तिथेच जातात.

पीएमबी ती जोडी ओढत नाही, त्यामुळे एस्टर निर्धास्त काढता येतो. लावताना मात्र सोडियम हायड्राइड आणि कोरडं डीएमएफ लागतं. जुलैत इथे ते नकोसं होतं, शिवाय रेसमायझेशनची (रेणूची डावी-उजवी रूपं मिसळण्याची) धास्ती. म्हणून मी ग्लुटामिक आम्लापासूनच निघतो: अ‍ॅनिसाल्डिहाइड आणि सोडियम बोरोहायड्राइडने आधी अमाइनवर पीएमबी, मग तापवून रिंग बंद. तिथे पाणी चालतं. हाती थेट आम्लच येतं, म्हणजे एस्टर काढायची पायरीही बहुधा वाचते.

पीएमबीचा खरा तोटा काढताना. तो काढणाऱ्या सेरिक अमोनियम नायट्रेट या ऑक्सिडीकारकापुढे रेणूतला फिनॉल किंवा अ‍ॅनिलीन टिकेलच असं नाही, आणि सुटलेलं अ‍ॅनिसाल्डिहाइड कॉलमवर वेगळं करण्यात वेळ जातो.

ग्रिन्यारने रिंग मुद्दाम उघडून, बॉक काढून ती पुन्हा मिटवायची आणि ५-सबस्टिट्यूटेड प्रोलीनकडे जायचं असेल, तर बॉकच घ्या. तिथे रिंग उघडणं हीच तर गरज. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, पण वाटेत कुठेही बेस येणार असेल तर मी पीएमबीकडे जातो. तरीही बॉक हवाच असेल, तर बेंझिल एस्टर घ्या आणि तो हायड्रोजनने काढा.