एटीआर, ए३२० की ७७७? मुंबईत घर असलेल्या वैमानिकासाठी तीन नोकऱ्यांचा आढावा

विमान मोठं तसा ताशी दर मोठा, हे बहुतेक कंपन्यांत खरं आहे. पण महिनाअखेर खात्यात जमा होतो तो ताशी दर गुणिले ब्लॉक तास. घरी किती राहता येईल, ते हे तास किती दिवसांत पसरलेत यावर ठरतं. ब्लॉक म्हणजे चाकाचे चोक निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ. नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची, म्हणजे डीजीसीएची, वर्षाची मर्यादा १००० तासांची आहे, म्हणून तिन्ही विमानांना महिना ८० तास हेच एक माप लावू.

पंख्यावर चालणाऱ्या छोट्या एटीआर ७२-६०० पासून सुरुवात. सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनं, कमाल वजन साधारण २३ टन. इंडिगो, अलायन्स एअर आणि गोव्याच्या मोपावरून जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्गाकडे जाणारी फ्लाय९१ ही विमानं चालवतात. सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, छोटे; सरासरी सत्तर मिनिटांचा धरला तर ८० तास भरायला ६८-६९ सेक्टर लागतात. दिवसाला चार केले तरी महिन्यातले सतरा दिवस ड्युटीवर जातात.

खरी मेख टर्नअराउंडमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या थांब्यात आहे. चार सेक्टरच्या दिवसात ब्लॉक होतो ४ तास ४० मिनिटं. मधले तीन थांबे, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे. त्याआधी तासभर रिपोर्टिंग, शेवटी कागदपत्रं. म्हणजे साडेसात तास राबून पैसे पावणेपाच तासांचेसुद्धा नाहीत. छोट्या विमानाचा कमी दर सगळ्यांना दिसतो, ही फुकटची मिनिटं पगाराच्या स्लिपवर कुठेच दिसत नाहीत.

काम अंगावर येणारं आहे. इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर लिव्हर हातानेच सांभाळायचे. विमान जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत चढतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर कोकण-घाटावरच्या ढगांवरून जाण्याची सोय नाही. वळसा घालायचा किंवा आतून जायचं, आणि आत बर्फ धरला की पंखांवरचे बूट, म्हणजे फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे, सुरू करायचे. जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, एपीयू, नाही. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून धरतात. याला हॉटेल मोड म्हणतात, वीज आणि हवा त्यातून मिळते. एप्रिलमध्ये सोलापूरच्या एप्रनवर, विमानं उभी राहतात तिथे, ही सोय किती अपुरी पडते ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तरीही एटीआरला कमी लेखू नका. कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, सहसा लवकर मिळते आणि हात तयार होतो. बेसवरून, म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या शहरातून, निघून बेसवरच संपणारा रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) असेल तर रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपता येतं. अडचण बेसचीच आहे. एटीआरचे बरेचसे बेस हैदराबाद, बंगळुरू, गोवा अशा ठिकाणी आहेत. घर ठाण्यात आणि बेस हैदराबादला असेल, तर ‘रोज घरी’ याचा अर्थ रोज भाड्याच्या खोलीवर. शिवाय जिथे आयएलएस, म्हणजे कमी दृश्यमानतेत उतरायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा, नाही अशा छोट्या विमानतळावर पावसाळ्यात दृश्यमानता घसरली की डायव्हर्जन होतं, म्हणजे विमान दुसरीकडे उतरवावं लागतं, ड्युटीची वेळ संपते आणि मुक्काम भलत्याच गावी पडतो.

आता एअरबसचं मधल्या आकाराचं जेट, ए३२०. इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस या सगळ्यांकडे हे विमान आहे, आणि एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायच्या परवान्यावर, ए३१९, ए३२०, ए३२१ तिन्ही उडवता येतात. देशात नोकरी बदलायची तर सर्वांत जास्त दारं याच रेटिंगला उघडी आहेत. मुंबई-दिल्लीचा ब्लॉक सव्वादोन तासांच्या आसपास. ८० तासांना पस्तीस-छत्तीस सेक्टर, रोजचे तीन धरले तर बारा दिवस. एटीआरपेक्षा पाच दिवस कमी, तेही वरच्या दराने. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. त्या रांगेत गेलेली वीस मिनिटं प्रत्यक्ष ब्लॉकवर पैसे देणाऱ्या करारात धरली जातात. ठरवून दिलेल्या ब्लॉकवर पैसे देणाऱ्या करारात ती गेली.

याचं दुखणं रात्र. संध्याकाळी मुंबईहून आखातात जाऊन पहाटे परत येणारी उड्डाणं कागदावर ‘त्याच दिवशी घरी’ अशीच दिसतात, प्रत्यक्षात दुसरा अख्खा दिवस पडदे ओढून झोपण्यात जातो. इथे वैमानिकांच्या उड्डाण आणि ड्युटीच्या वेळेवर मर्यादा घालणारे नवे एफडीटीएल नियम कामाला येतात. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, त्यात दोन स्थानिक रात्री हव्यात. रात्रपाळीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत गेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला, दुसरा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. पुढच्याच महिन्यात इंडिगोला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली आणि रात्रीच्या काही तरतुदींतून तिला तात्पुरती सूट मिळाली. नियम कागदावर आहे म्हणून रोस्टर तसाच मिळेल, असं धरून चालू नका.

नव्याने रुजू झालेल्याच्या वाट्याला स्टँडबाय जास्त येतात. घरी असायचं, पण फोन वाजला तर निघायचं. त्या दिवशी डोंबिवलीहून पुण्याला लग्नाला जाता येत नाही. स्टँडबायचे पैसे किती, हे विचारायला लोक हटकून विसरतात.

बोइंगच्या लांब पल्ल्याच्या ७७७ बद्दल थोडक्यात, कारण इथे हिशेब सरळ आहे. कमाल वजन ३५१ टन, दर सर्वांत वरचा. मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन तीस तासांच्या आसपास, म्हणजे महिन्याला अडीच-पावणेतीन फेऱ्यांत ८० तास. एका फेरीला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा साधारण बारा दिवस बाहेर. उरलेले अठरा दिवस घरी, हे ऐकायला छान. पण न्यूयॉर्कशी साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आहे, आणि प्रत्येक फेरीनंतरचे पहिले दोन दिवस शरीर कुठे आहे हेच त्याला कळत नाही. ते वजा करून मोजा.

इतक्या लांबच्या उड्डाणावर पाळीपाळीने काम करणारे चार वैमानिक असल्यामुळे आपल्या वाट्याला लँडिंग जेमतेम येतात. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग पूर्ण झाली नाहीत तर सिम्युलेटरवर जावं लागतं, तोही सुट्टीतलाच दिवस खातो. विमानातल्या बंकमध्ये झोपलेल्या तासांचे पैसे पूर्ण की कमी, ते करारात बघा. बेस दिल्लीचा मिळाला तर मुंबईहून ये-जा आपल्या वेळात होते आणि अठरातले तीन-चार दिवस तिथेच जातात.

आमची पसंती मुंबई बेसवरच्या ए३२० च्या कॅप्टनला, तेही सिनिऑरिटीच्या वरच्या अर्ध्यात असेल तर. तो साधारणपणे ७७७ च्या फर्स्ट ऑफिसरपेक्षा (सहवैमानिकापेक्षा) जास्त कमावतो आणि महिन्यातल्या जास्त रात्री घरी असतो. मुलं मोठी झाली, झोप लवकर सावरत असेल, तर ७७७ किंवा बोइंगचंच लांब पल्ल्याचं ७८७ जरूर घ्यावं. तिशीच्या आत कमांड हवी असेल तर एटीआर, पण बेस कुठला ते लेखी घेऊन.

विमान बदलताना आणखी एक खर्च असतो. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, मग लाइन ट्रेनिंग, यात काही महिने नेहमीचे तास भरत नाहीत आणि हातात येतात ते फक्त हमीच्या तासांचे, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी ठरलेले, पैसे. ती हमी किती तासांची, ट्रेनिंगच्या काळात लागू आहे का, बाँड किती वर्षांचा आणि मधेच सोडलं तर भरपाई किती, हे सही करण्याआधी वाचा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार नोटीस कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने द्यावी लागते. त्यामुळे रोस्टर आवडला नाही म्हणून पुढच्या महिन्यात दुसरीकडे, हे जमत नाही.