कर्करोगाच्या उपचारात तोंडाची निगा: माउथवॉश, ब्रश, फ्लोराइड आणि जेल यांचा परखड आढावा

केमो किंवा डोक्या-मानेचे रेडिएशन ठरले की घरात तोंडाच्या सामानाची एक पिशवी जमा होते. माउथवॉशच्या दोन-तीन बाटल्या, मऊ ब्रश, कोरड्या तोंडाचा स्प्रे, तोंड आल्यावर वापरायचे जेल. वेष्टनांवरचे दावे एकमेकांसारखे, पण प्रत्येक वस्तूचे काम आणि वेळ निराळी. यातली कोणती कोणत्या उपचारात उपयोगी पडते आणि कोणती उगाच झोंबते, ते इथे पाहू. आमचे मत आधीच सांगतो: साध्या सोड्याच्या चुळा, बारीक केसांचा ब्रश आणि मापाने बनवलेला फ्लोराइड ट्रे (दातांवर बसणारा, फ्लोराइडचे जेल धरून ठेवणारा साचा) हे तीन पाय भक्कम असले, तर बाकीचे सामान गरजेपुरते.

माउथवॉश

सर्वाधिक घोळ याच बाटल्यांत होतो. अल्कोहोल असलेला माउथवॉश सरळ बाद करा. उपचारात तोंडाचे अस्तर पातळ झालेले असते, अल्कोहोल त्याला झोंबते आणि कोरडेपणा वाढवते. वेष्टनावर ‘अल्कोहोलविरहित’ लिहिले असले तरी कडक मेंथॉल असेल तर तीही बाटली तोंड बरे होईपर्यंत बाजूला ठेवा.

क्लोरहेक्सिडिन ही जंतुनाशक चूळ सवयीने लिहून दिली जाते. हिरड्या सुजल्या असतील किंवा काही दिवस ब्रश फिरवणेच अशक्य असेल, तर दातांवरचा थर आवरायला ते चांगले आहे. पण डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून ते वापरू नये, असे एमएएससीसी-आयएसओओ या कर्करोगातील पूरक उपचार आणि तोंडाच्या निगेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सुचवतात. त्यात ते दातांवर तपकिरी डाग पाडते आणि चव बिघडवते. ज्याची चव आधीच गेली आहे त्याला हे नकोच असते. आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पेस्टमधला फेस आणणारा घटक, सोडियम लॉरिल सल्फेट, क्लोरहेक्सिडिनचा जोर कमी करतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास ठेवावा. बुरशीसाठी दिलेले निस्टॅटिनही त्याला लागून घेऊ नये, दोघे एकमेकांना निकामी करतात.

बेन्झिडामिन ०.१५ टक्के ही दुखणे आणि सूज कमी करणाऱ्या चुळेची बाटली मात्र पैसे वसूल करते, अर्थात योग्य रुग्णात. डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येण्याचा त्रास आटोक्यात राहावा म्हणून त्याच सूचनांमध्ये त्याची शिफारस आहे, आणि सर्वांत भक्कम पुरावा ५० ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) कमी मात्रेसाठी आहे. १५ मिली घ्यायचे, तीस सेकंद तोंडात फिरवायचे, थुंकायचे, दिवसातून चार किंवा त्याहून अधिक वेळा. सुरुवात रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून. जखमा उघड्या पडल्यावर बाटली उघडली तर ते चरचरते, मग रुग्ण ती पुन्हा हातात घेत नाही. चरचरत असेल तर तेवढेच पाणी घालून पातळ करा. इतर अवयवांच्या केमोसाठी सरसकट घेऊन ठेवण्याचे हे औषध नाही.

आता घरच्या चुळेबद्दल. एक पेला (सुमारे २४० मिली) कोमट पाणी, त्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ. मापाचा चहाचा चमचा ५ मिलीचा, घरातला मोठा चमचा नव्हे. दिवसातून अनेकदा, विशेषतः खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी चूळ भरायची, मग साध्या पाण्याने तोंड धुवायचे. मिश्रण रोज ताजे करायचे. ही चूळ तोंड येणे थांबवते असा पुरावा नाही; ती चिकट लाळ सोडवते, आम्ल मारते, अन्नाचे कण काढते, आणि तेवढेच काम तिच्याकडून हवे आहे. चुका दोन होतात. कोणी मीठ वाढवते, आणि जखमेवर मीठ चोळल्याचा अनुभव येतो. तोंड फार आले असेल तर मीठ गाळून नुसता सोडा चालतो. कोणी सोड्याऐवजी बेकिंग पावडर टाकते. तिच्यात आम्लही असते, त्यामुळे हेतूच फसतो. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी ही चूळ, ब्रश अर्ध्या तासाने. आम्लाने मऊ झालेले दातांचे कवच घासले की झिजते.

एव्हरोलिमस ही कर्करोगावरची गोळी घेणाऱ्यांना जे तोंड येते ते केमोच्या तोंड येण्याहून वेगळे, छोट्या खोल फोडांसारखे असते. तिथे डेक्सामेथासोनची अल्कोहोलविरहित चूळ खरोखर चालते: ५ मिलीत ०.५ मिग्रॅ या ताकदीचे १० मिली, दोन मिनिटे फिरवून थुंकायचे, दिवसातून चारदा, आठ आठवडे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. चुळेनंतर तासभर काही खायचे-प्यायचे नाही. हे स्टिरॉइड आहे, त्यामुळे बुरशीवर लक्ष हवे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही.

लिडोकेनच्या घट्ट द्रावणाने दुखणे थोडा वेळ थांबते, पण घसाही बधिर होतो. ते घेऊन लगेच जेवायला बसले की घास श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि गालाला चावा बसला तरी कळत नाही. जेवण सोपे व्हावे म्हणून ते घ्यायचे आणि जेवण टाळायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. आम्ही त्याला शेवटचे स्थान देऊ.

ब्रश आणि पेस्ट

‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ किंवा त्याहून मऊ, लहान डोक्याचा ब्रश घ्या. केस तरीही टोचत असतील तर वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवून ठेवा. केस वाकले की किंवा तोंडात संसर्ग होऊन गेला की बदला. स्पंजच्या काड्या ओलावा द्यायला ठीक आहेत, पण दातांवरचा थर त्या काढत नाहीत. ब्रशची जागा त्यांना देणे म्हणजे हिरड्यांच्या सुजेला आमंत्रण. लिंबू-ग्लिसरिनच्या काड्या तर मुळीच नकोत, त्या तोंड आणखी कोरडे करतात आणि आम्लाने दात खातात.

पेस्टमध्ये पुदिना सौम्य हवा आणि सोडियम लॉरिल सल्फेट नको. फेस कमी येईल, त्याला घाबरू नका. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार कमी असताना फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) सुरू ठेवायचा की नाही, हे आकड्यासोबत रुग्णाच्या सवयीवरही ठरते. नवशिक्याने त्या काळात सुरुवात करू नये.

बर्फ

यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू, पण फक्त ठरावीक औषधांत. फ्लुओरोयुरासिल हे केमोचे औषध एकाच झटक्यात शिरेतून देताना पाच मिनिटे आधीपासून बर्फाचे तुकडे तोंडात घोळवायचे, एकूण अर्धा तास. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंडाच्या अस्तरापर्यंत औषध कमी पोचते. मोठ्या मात्रेच्या मेल्फलन या केमोच्या औषधालाही हे लागू आहे. पंपाने दिवसभर थेंबथेंब चालणाऱ्या फ्लुओरोयुरासिलला त्याचा उपयोग नाही, कारण दिवसभर बर्फ कोण चघळणार. ऑक्सालिप्लॅटिन हे केमोचे औषध सोबत असेल तर बर्फ वर्ज्य: त्या औषधाने थंड वस्तूंनी घसा आवळल्यासारखे होते.

फ्लोराइड ट्रे

डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या रुग्णाला एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर ती ही. लाळग्रंथींवर किरणे पडली की लाळ आटते आणि दात विचित्र जागी किडतात: हिरडीलगतच्या मानेवर, पुढच्या दातांच्या धारेवर. ही कीड वेगाने पसरते आणि मग दात काढायची वेळ येते. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढणे म्हणजे हाड न भरण्याचा धोका, विशेषतः ६० ग्रेच्या पुढे. म्हणूनच काढायचे दात रेडिएशनच्या किमान १४ दिवस आधी काढून जखम भरू देतात, आणि ट्रेची मापेही त्याच भेटीत घेतात.

चांगला ट्रे मऊ, सर्व दात झाकणारा आणि हिरडीच्या कडेपलीकडे किंचित जाणारा असतो. हातात मिळाल्यावर कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर तिथेच घासून घ्या, कारण तिसऱ्या आठवड्यात हीच कड जखम करते. जेल १.१ टक्का सोडियम फ्लोराइडचे, न्यूट्रल (आम्ल नसलेले) हवे. आम्लयुक्त फ्लोराइड अस्तराला चरचरते आणि सिरॅमिकच्या कॅपची चमक घालवते.

रात्री ब्रश झाल्यावर प्रत्येक दाताच्या खाचेत जेलची बारीक रेघ सोडा. ट्रे काठोकाठ भरू नका. दाबल्यावर जास्तीचे हिरड्यांवर येते आणि घशात उतरले की मळमळते. पाच ते दहा मिनिटे ठेवा, थुंका, चूळ भरू नका, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. ट्रे थंड पाण्याने धुवा. गरम पाण्यात तो वाकडा होतो आणि पुन्हा बसत नाही. तोंड आल्यावर ट्रे सहन होत नसेल तर तेवढे दिवस ५००० पीपीएम फ्लोराइडची (दहा लाख भागांत ५००० भाग) पेस्ट ब्रशने लावावी, बरे झाले की ट्रेकडे परत यावे. लाळ परत येत नाही तोवर हे थांबवायचे नाही, बऱ्याच जणांना ते आयुष्यभर करावे लागते. नेमके इथेच लोक सोडतात.

कोरडेपणा आणि तोंड आल्यावरची जेल

लाळेच्या स्प्रेला तारतम्याने घ्या. परिणाम थोडाच वेळ टिकतो. दात असलेल्या माणसाने आम्लयुक्त स्प्रे टाळावा. डब्यावर सायट्रिक ॲसिड दिसले तर दुसरा शोधा. जेल स्वरूप रात्रीसाठी बरे: वाटाण्याएवढे घेऊन जिभेवर आणि गालांच्या आत पातळ पसरवा. पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी काहींना खरी लाळ सुटते, पण घाम फार येतो. अरुंद कोनाचा काचबिंदू किंवा अनियंत्रित दमा असणाऱ्यांना त्या चालत नाहीत.

जेलक्लेअरसारखी जेल जखमेवर पडदा धरतात. पुडी पाण्यात मिसळून (१५ मिली जेल, ४० मिली पाणी) किमान मिनिटभर फिरवायची, थुंकायची, दिवसातून तीनदा, आणि पुढे तासभर खाणे-पिणे बंद. म्हणजे जेवण सुसह्य करायला ती नव्हे, दोन जेवणांमधल्या ठणक्याला ती. जखम भरून काढायची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

एवढे झाले तरी

रेडिएशनमध्ये तोंड उघडणे ३५ मिमीच्या खाली आले तर जबड्याचा व्यायाम तातडीने सुरू करावा. त्याला कोणत्याही जेलचा पर्याय नाही. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, पाणीही गिळवेना, किंवा हिरडीतून दाबूनही रक्त थांबेना, तर बाटल्या तिथेच ठेवा आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करा. पांढरा थर पुसल्यावर खाली लाल भाग दिसत असेल तर ती बहुधा बुरशी असते. तिला औषध लागते, आणि कवळी असेल तर औषध घेताना ती काढून ठेवून वेगळी स्वच्छ करावी लागते, नाहीतर संसर्ग पुन्हा तिच्यातूनच येतो.