काखेतला घाम: लेझर की बोटॉक्स?

काखेतले केस लेझरने काढले की घामही थांबेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. लेझर केसाच्या मुळातलं काळं रंगद्रव्य तापवतो. घामाच्या ग्रंथी त्यातून सुटतात. केस गेल्यावर ओल धरून राहत नाही, वास कमी होतो, शर्ट मात्र भिजतोच. साधारण ६ ते ८ बैठका लागतात. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग हा लेझरचा प्रकार जास्त सुरक्षित.

बोटॉक्स हे काखेत टोचायचं इंजेक्शन. ते घामाच्या ग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा संदेशच अडवतं. अमेरिकेत काखेच्या अतिघामासाठी त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा महिने, मग पुन्हा सुया, पुन्हा खर्च. केस? जागच्या जागी.

खरा त्रास घामाचाच असेल तर माझं मत बोटॉक्सला. पण आधी डॉक्टरांना विचारून ॲल्युमिनियम क्लोराइडचं स्वस्तातलं औषध रात्री कोरड्या काखेत लावून बघा. लेझर केल्यावर लगेच नको, भयंकर झोंबतं.