जुनं फोटोशॉप, नवा कॅमेरा: अडोबी डीएनजी कन्व्हर्टर तालुक्याच्या स्टुडिओत किती कामाचा?

लग्नसराईत दारव्हा, चिमूर, अर्जुनी मोरगाव अशा गावांतल्या स्टुडिओंत एक अडचण हमखास येते. सेकंड शूटर, म्हणजे मदतीला आलेला दुसरा फोटोग्राफर, नवा कॅमेरा घेऊन येतो, रात्री कार्ड रिकामं होतं, आणि सकाळी अल्बमला बसलेल्या माणसाच्या फोटोशॉप सीएस सिक्समध्ये एकही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, उघडत नाही. फाइल खराब झाली असं समजून कार्ड रिकव्हरीला पाठवू नका. फाइल ठणठणीत असते. तिच्यातली माहिती ज्या पद्धतीनं दाबून भरली आहे, ती पद्धत जुन्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसते.

सीएस सिक्समध्ये रॉ उघडणारं प्लग-इन, कॅमेरा रॉ, 9.1.1 वर 2015 मध्ये थांबलं. एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या लाइटरूम सिक्सचं शेवटचं अपडेट, 6.14, डिसेंबर 2017 चं. कॅननची सीआर-थ्री ही रॉ फाइल 2018 मध्ये एम फिफ्टी कॅमेऱ्यासोबत आली, म्हणजे ती या दोघांनाही कधीच कळणार नाही. निकॉनच्या झेड नाइन, झेड एट, झेड एफमधली हाय एफिशियन्सी, म्हणजे जास्त दाबून लहान केलेली, रॉ तर त्याहून पुढची.

अशा वेळी अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर कामी येतो. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॉ फाइली डीएनजी या अडोबीच्या सामायिक रॉ प्रकारात बदलतो, आणि ती डीएनजी जुन्या सॉफ्टवेअरलाही उघडता येते. फुकट आहे, लॉगिन मागत नाही, आणि एकदा बसवला की इंटरनेट नसलं तरी चालतो. सेटअप फाइल मोठी आहे, त्यामुळे गावात रेंज नसेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेल्यावर उतरवून पेन ड्राइव्हवर आणलेली बरी. मात्र आवृत्ती कॅमेऱ्यापेक्षा नवी हवी. जुना कन्व्हर्टर नवा कॅमेरा ओळखत नाही, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

खिडकीत वरून खाली चार भाग आहेत: फोटो कुठून घ्यायचे, कुठे ठेवायचे, नाव काय द्यायचं, आणि प्रेफरन्सेस. पहिल्याच भागात नवखा माणूस गोंधळतो, कारण फोल्डर निवडताना आतले फोटो दिसत नाहीत आणि फोल्डर रिकामं वाटतं. कन्व्हर्टर फोल्डरच घेतो, सुटा फोटो घेत नाही. हवं ते फोल्डर निवडून पुढे जा. कार्डातले फोटो दोन-तीन उपफोल्डरांत वाटले गेले असतील तर सबफोल्डरच्या चौकोनात टिक करा, नाहीतर हळदीचे फोटो येतील आणि वरातीचे राहून जातील.

खरं काम प्रेफरन्सेसमधल्या कम्पॅटिबिलिटीत आहे. आधी आपल्या फोटोशॉपमध्ये कोणतं कॅमेरा रॉ आहे ते बघा: हेल्प, मग अबाउट प्लग-इन, मग कॅमेरा रॉ. सीएस सिक्स अपडेट केलेलं असेल तर 'कॅमेरा रॉ 7.1 अँड लेटर' निवडा. लाइटरूम फाइव्ह आणि सिक्सलाही हेच चालतं. सीएस सिक्स बसवलं तेव्हापासून अपडेटच केलं नसेल तर त्यात कॅमेरा रॉ 7.0 असतं, मग एक पायरी खाली, 6.6 वर या. इथे सगळ्यात नवा पर्याय ठेवला तर तयार झालेली डीएनजीसुद्धा जुन्या फोटोशॉपमध्ये उघडणार नाही, आणि दोष कन्व्हर्टरच्या माथी जाईल.

जेपेग प्रिव्ह्यू मीडियमवर ठेवा, फुल साइजमुळे नुसती जागा जाते. लॉसी, म्हणजे तपशील गमावून दाबणाऱ्या, कॉम्प्रेशनची टिक काढाच. त्या पर्यायात मूळ रॉ राहत नाही, रंग आधीच जुळवलेलं चित्र पुन्हा दाबून साठवलं जातं, आणि हायलाइट, म्हणजे फार उजळ झालेला भाग, परत आणायची मुभा कमी होते. मूळ रॉ आत गुंडाळण्याचीही सोय आहे, आणि ती नंतर एक्स्ट्रॅक्ट बटणानं बाहेर काढता येते. पण फाइल जवळपास दुप्पट होते. मूळ फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणं कधीही स्वस्त.

जागेचा हिशोब आधीच मांडून ठेवा. झेड एटसारख्या 45 मेगापिक्सेल कॅमेऱ्यात हाय एफिशियन्सीची फाइल सुमारे 22 एमबीची असते, हाय एफिशियन्सी स्टारची 33 च्या आसपास, आणि तपशील न गमावता दाबलेल्या लॉसलेस कॉम्प्रेस्डची 50 च्या पुढे. कन्व्हर्टर ती 22 एमबीची फाइल पूर्ण उलगडतो आणि लॉसलेस पद्धतीनं पुन्हा बांधतो, त्यामुळे डीएनजी मोठी होते. ती 50 एमबीची धरली तर 1500 फोटोंचे 33 जीबी थेट 75 जीबी होतात. कॅमेऱ्यात वाचवलेली जागा कॉम्प्युटरवर परत द्यावी लागते, आणि कॅमेऱ्यात दाबताना गेलेला तपशील उलगडून परत येत नाही. कॅननची जास्त दाबलेली सी-रॉसुद्धा अशीच फुगते.

लोडशेडिंगचा प्रश्न वेगळा आहे. मध्येच लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर काही डीएनजी अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. डीएनजी आधीच असेल तर ती फाइल वगळायची सोय कन्व्हर्टरमध्ये आहे, आणि पुन्हा सुरू करताना ती फार उपयोगी पडते. पण अर्धवट फाइललाही तो झालेलीच समजेल. म्हणून आधी डीएनजीचं फोल्डर तारीख-वेळेनुसार लावा, शेवटच्या सहा-आठ फाइली उडवा, मगच ती टिक लावून पुन्हा चालवा. कन्व्हर्टर प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावतो. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या खोलीतला लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो. कूलर समोर घेऊन रात्री कन्व्हर्टर लावून ठेवणं सोयीचं, फक्त कूलरची दमट हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. फास्टस्टोनसारख्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा विंडोजच्या थंबनेलमध्ये फोटो दिसला, म्हणजे सॉफ्टवेअरला रॉ कळली असं नाही. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं बनवलेला जेपेग असतो आणि बरेच व्ह्यूअर तोच दाखवतात. फोटो निवडायला तो पुरतो. एडिटिंगसाठी आतला कच्चा माल उलगडता यावा लागतो. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून तर काहीच साधत नाही. निकॉनची फाइल नेमकी कशी दाबली आहे ते एक्झिफटूल या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एनईएफ कॉम्प्रेशन या ओळीत स्पष्ट दिसतं: लॉसलेस, लॉसी किंवा हाय एफिशियन्सी.

फुकटातला दुसरा पर्याय डार्कटेबल, रॉ एडिट करायचं मुक्त सॉफ्टवेअर. आवृत्ती 3.8 पासून, म्हणजे डिसेंबर 2021 पासून, ते सीआर-थ्री उघडतं, सी-रॉसुद्धा. निकॉनची लॉसलेस कॉम्प्रेस्डही उघडते. हाय एफिशियन्सीपाशी मात्र ते थांबतं, कारण त्यामागचं टिकोरॉ हे तंत्र इंटोपिक्स कंपनीच्या परवान्याखालचं आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरला ते उलगडता येत नाही. फोटोच्या जागी कवटीचं चिन्ह दिसलं की समजायचं. रॉथेरपी या तशाच सॉफ्टवेअरचीही गत तीच. तीच फाइल डीएनजी करून आणली तर दोन्हीकडे उघडते, म्हणून डार्कटेबलवर काम करणाऱ्यानंही हा कन्व्हर्टर ठेवावा. रॅम 8 जीबीपेक्षा कमी असेल तर डार्कटेबलवर लग्नाचं अख्खं काम ओढणं जिकिरीचं होतं.

निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल ही दोन्ही फुकट आहेत, आणि आपापल्या कॅमेऱ्याचे रंग सगळ्यात इमानदारीनं दाखवतात. कॅननचं उतरवताना कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लागतो, तेव्हा तो सेकंड शूटरकडून आधीच घ्या. ही दोन्ही डीएनजी उघडत नाहीत. मूळ फाइली पुसल्या तर हा रस्ता कायमचा बंद.

सोनीचं दुखणं निराळं. ए सेव्हन थ्रीमध्ये कॉम्प्रेस्ड आणि अनकॉम्प्रेस्ड एवढेच पर्याय आहेत, आणि तिथली कॉम्प्रेस्ड म्हणजे लॉसी. त्यात 16 पिक्सेलच्या गटातला सर्वात उजळ आणि सर्वात गडद आकडा 11 बिटांत ठेवतात, बाकीच्यांचा फरक 7 बिटांत. काळ्या आभाळासमोर मांडवावर लायटिंगच्या माळा असतील तर गटातला फरक प्रचंड होतो, 7 बिट अपुरे पडतात, आणि सावली उचलली की माळेच्या कडेला खरबरीत ठिपके उमटतात. डीएनजी करून ते जात नाहीत, नुकसान कॅमेऱ्यातच झालेलं असतं. रात्रीच्या कामाला अनकॉम्प्रेस्ड ठेवा. 24 मेगापिक्सेलची फाइल 24 वरून 48 एमबीच्या घरात जाईल. ए सेव्हन फोरमध्ये लॉसलेस कॉम्प्रेस्ड आहे, तीच वापरा. फक्त तिथली साइज एल ठेवा. एम आणि एस या खऱ्या अर्थानं कच्च्या फाइली नाहीत.

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरून सकाळच्या सफारीला जाणाऱ्यांनी हाय एफिशियन्सी स्टार जरूर वापरावी. वाघ रस्ता ओलांडताना सेकंदाला 20 फ्रेमचा मारा चालतो, तिथे कार्डाची जागा आणि बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, दोन्ही वाचतात. पण फाइली दुसऱ्याच्या हातात द्यायच्या असतील, आणि लग्नात त्या द्याव्या लागतातच, तर निकॉन लॉसलेस कॉम्प्रेस्डवर ठेवा.

कन्व्हर्टरची एक मोठी उणीव उरते. नवी आवृत्ती विंडोज सेव्हनवर बसत नाही, आणि तालुक्याच्या बऱ्याच स्टुडिओंत अजून तेच आहे. त्यासाठी अख्खी मशीन बदलायची गरज नाही. विंडोज टेन असलेल्या कोणत्याही लॅपटॉपवर, सेकंड शूटरच्या लॅपटॉपवरसुद्धा, कन्व्हर्टर चालवा, 7.1 ची डीएनजी बनवा आणि हार्ड डिस्कवर जुन्या मशीनकडे आणा. कार्ड परत देण्याआधी पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन फाइली सीएस सिक्समध्ये उघडून 100 टक्क्यांवर बघा.