नखाच्या बुरशीवरचे अमोरोल्फिन लॅकर: सात महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या रंगाई विभागात मी काम करतो. पायात दिवसभर गमबूट, आत घाम आणि फरशीवर सतत पाणी, त्यामुळे आमच्याकडे चिखल्या न झालेला माणूस शोधावा लागतो. चिखल्या मलमाने आटोक्यात येतात. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख मात्र टोकाकडून पिवळे, जाड आणि भुसभुशीत होत गेले आणि दोन ट्यूब मलम चोळूनही त्यात तसूभर फरक पडला नाही. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी नखाचा कीस तपासून बुरशीची खात्री करून घेतली आणि नखाचे मूळ शाबूत असल्यामुळे गोळ्यांऐवजी अमोरोल्फिन 5 टक्के हे लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखे नखावर लावायचे बुरशीनाशक, आठवड्यातून एकदा लावण्यास सांगितले.

मलम का हरले, हे समजल्यावर या बाटलीची किंमत थोडी कमी बोचते. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो आणि त्यातील पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. स्निग्धतेत विरघळणारी औषधे त्याच वाटेने आत उतरतात. नखात ही वाट जवळजवळ नसतेच. ते केराटिन या प्रथिनाचे घट्ट बनलेले, त्वचेच्या त्या थराच्या कित्येक पट जाड आणि स्निग्धांश नावापुरता असलेले असते, आणि औषधाच्या दृष्टीने ते पाणी धरून ठेवणाऱ्या जेलसारखे वागते. मलमातील औषध अशा नखावर नुसते बसून राहते आणि संध्याकाळी मोज्याला पुसून जाते.

लॅकरची सारी करामत द्रावकात, म्हणजे औषध ज्यात विरघळवलेले असते त्या द्रवात आहे. ब्रशने किंवा चमचीने पातळ थर दिला की काही मिनिटांत द्रावक उडून जाते, मागे घट्ट चिकटलेला पापुद्रा राहतो आणि बाटलीत 5 टक्के असलेले औषध त्या पापुद्र्यात 25 टक्क्यांच्या पुढे जाते. औषध जितके दाट, तितका आत शिरण्याचा रेटा जास्त. शिवाय पापुद्र्याखाली नखातील ओल टिकते, तीही औषधाला वाट करून देते. आठवड्यातून एकदा लावलेले पुरते ते यामुळेच.

परंतु हे सगळे कानसीने घासल्यानंतरचे गणित आहे. पहिले दोन महिने मी घाईघाईने दोन हात फिरवून थेट लॅकर लावत होतो आणि औषधालाच बोल लावत होतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्वतः घासून दाखवले: खाली वर्तमानपत्र, त्यावर पिठासारखा पांढरट भुगा पडेपर्यंत जाड भाग उतरवायचा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, मगच लॅकर. ज्या कानसीने बुरशीचे नख घासले ती चांगल्या नखाला लावायची नाही, हेही तेव्हाच कळले. ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. ज्या शहरात यंत्रमागावरचा आणि रंगाईतला बराचसा कामगार घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो, तिथे चार साधी चित्रे छापली असती तरी पुष्कळ बाटल्या वाया जाण्यापासून वाचल्या असत्या.

माझी एक बाटली तशीच वाया गेली. तोंडाशी सांडलेला थेंब न पुसता झाकण लावले आणि पुढच्या रविवारी ते पकडीनेही फिरेना; अखेर फिरले तेव्हा आतले लॅकर डिंकासारखे झाले होते. चूक माझी, पण अडीच मिलिलिटरच्या या बाटलीला साध्या मलमाच्या ट्यूबच्या कितीतरी पट पैसे पडतात, तेव्हा झाकण याहून बरे हवे होते.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. सायक्लोपिरॉक्स 8 टक्के या दुसऱ्या लॅकरच्या अमेरिकेतील चाचण्यांमध्ये 48 आठवड्यांनंतर नख पूर्ण स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण 5.5 आणि 8.5 टक्के इतकेच होते. केराटिनला कमी चिकटणाऱ्या, म्हणून नखात अधिक मोकळेपणाने पसरणाऱ्या एफिनाकोनाझोल या नखावर लावायच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत ते 15 ते 18 टक्क्यांपर्यंत गेले. त्याला तिथे 2014 मध्ये मान्यता मिळाली. बुरशी मुळापर्यंत गेली असेल किंवा अनेक नखे बाधित असतील, तर नुसत्या लॅकरवर विसंबू नये. तिथे टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्यांचा विचार डॉक्टर करतात.

पायाचे नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढते, त्यामुळे बिघडलेला भाग औषधाने परत गुलाबी होत नाही, तो पुढे सरकत सरकत कापला जातो. सुरुवातीला माझ्या नखाचा पिवळा पट्टा बोटाच्या जेमतेम अर्ध्या पेराएवढा होता; आज टोकाशी तीनेक मिलिमीटर उरला आहे आणि मुळाकडून आलेले नख पातळ व नितळ आहे. दुसरी बाटली निम्मी शिल्लक आहे. गमबुटांचा दुसरा जोडही मी घेतला आहे, म्हणजे एक पायात असताना दुसरा गच्चीवर सोलापूरच्या उन्हात खडखडीत वाळतो.