आरजी-२१३ : गच्चीवर एक पावसाळा काढल्यानंतर

ठाणे, घोडबंदर रस्ता. गच्चीवर १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना, तिथून डक्टमधून खोलीपर्यंत ३० मीटर आरजी-२१३ (रेडिओ आणि अँटेना जोडणारी जाड कोअॅक्स केबल: मधे तार, भोवती पॉलिथिन, त्यावर तांब्याची जाळी), रेडिओ २५ वॅटचा. मे ते डिसेंबर, आठ महिने रोजचा वापर.

केबल चांगली आहे. स्वस्त पडते म्हणून बारीक आरजी-५८ ओढू नका; ती एवढ्या अंतरात साधारण ६ डीबी (डेसिबल, शक्तीतली घट मोजण्याचं माप; ३ डीबी म्हणजे निम्मी) खाते, २५ पैकी जेमतेम ६ वॅट वर पोचतात. आरजी-२१३ मध्ये १३-१४ पोचतात. ऐकतानाही घट तेवढीच असते, हे बरेच जण विसरतात. ४३५ मेगाहर्ट्झवर मात्र हिचीही घट ५ डीबीच्या घरात जाते. तिथे कमी घटीची एलएमआर-४०० केबल घ्यावी. टीव्हीच्या डिशची आरजी-६ केबलही नको: तिचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) पंचाहत्तर ओमचा, इथे ५० ओम लागतात.

पावसाळ्यात दगा दिला तो केबलने नाही, वरच्या पीएल-२५९ कनेक्टरने. तो जलरोधक नसतोच. त्यावर नुसती इलेक्ट्रिकची टेप होती. आत गेलेलं पाणी जाळीच्या तारांतून, वातीत तेल सरकावं तसं, पुढे सरकत राहतं. घातक गोष्ट ही की केबल खराब होताना रेडिओजवळचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते ते सांगणारा आकडा; कमी तितका चांगला) उलट सुधारलेला दिसतो, कारण परतणारी शक्तीही वाटेतच जिरते.

म्हणून दर पावसाळ्यात ही तपासणी कराच: अँटेना सोडवून वरचं टोक उघडं ठेवायचं आणि खालून नॅनो व्हीएनएने (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) रिटर्न लॉस, म्हणजे पाठवलेला सिग्नल टोकावरून परतेपर्यंत किती डीबी कमी झाला ते, मोजायचा. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून त्याचा निम्मा म्हणजे केबलची एकेरी घट. रेडिओ जोडून, उघड्या टोकावर ट्रान्समिट करू नका. माझा रिटर्न लॉस मे महिन्यात ५.२ डीबी होता, म्हणजे घट २.६. जुलैअखेर ८.५.

काळवंडलेली जाळी संपून लख्ख तांबं दिसेपर्यंत वरून कापत गेलं, २ मीटर गेली. नवा कनेक्टर १०० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, झटपट. कमी वॅटचं आयर्न फार वेळ टेकवलं की आतलं पॉलिथिन वितळून मधली तार सरकते. वर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप), रुंदी निम्मी होईपर्यंत ताणून, खालून वर अर्धा पदर चढवत, म्हणजे कौलांसारखं पाणी निथळतं. त्यावर उन्हापासून बचावाला काळी विनाइल टेप. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं. ३० मीटरचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. डक्टमध्ये जागोजागी क्लॅम्प हवेत, नाहीतर सगळा भार कनेक्टरवर येतो.

डिसेंबरचं रिटर्न लॉसचं रीडिंग ४.९ डीबी, २८ मीटरला.